ओळीच्या डोक्यावरची देवनागरी

मराठी माध्यमाच्या शाळेतल्या मुलाचे इंग्रजीचे पाठ्यपुस्तक उघडून पाहिले, तर छापील ओळीच्या वर शिसपेन्सिलीने बारीक अक्षरांत लिहिलेली देवनागरी हमखास दिसते : 'द फार्मर वेन्ट टू द मार्केट'. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मला ही सवय अजिबात खपत नसे. एकदा सहावीच्या वर्गात मी सगळ्यांना खोडरबर काढायला लावले आणि पानेच्या पाने पुसून घेतली. दुसऱ्या दिवशी, आदल्या आठवड्यात न अडखळता वाचणारी एक मुलगी पुस्तक धरून उभी राहिली आणि तिच्या तोंडून शब्द फुटेना. तिने स्वतःच्या हाताने बांधलेला साकव मी काढून घेतला होता, हे समजायला मला आणखी काही वर्षे लागली.

२००० सालच्या जूनपासून महाराष्ट्रात मराठी शाळांमध्येही पहिलीपासून इंग्रजी आले, त्यामुळे बाराखडी पुरती हाताला बसण्याआधीच मुलांसमोर दुसरी लिपी येते, आणि तीही अशी की जिच्यात अक्षर आणि उच्चार यांचा मेळ भरवशाचा नाही. अशा वेळी मूल आपल्या ओळखीच्या लिपीचा आधार घेते, यात गैर काहीच नाही. १८८६ साली पॅरिसमध्ये पॉल पासी आणि इतर भाषाशिक्षक एकत्र आले, तेव्हा त्यांनाही हीच अडचण सोडवायची होती. इंग्रजीसारख्या भाषेचे उच्चार वर्गात नीट शिकवता यावेत म्हणून त्यांनी ध्वनीनुसार लिहिण्याची पद्धत हाती घेतली, आणि त्यातूनच पुढे आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपी आकाराला आली. आमची मुले पेन्सिलीने तेच करत असतात.

देवनागरी पुष्कळ काही पेलते. 'हट', 'हॅट' आणि 'हॉट' हे तीन शब्द मराठी मूल तीन वेगळ्या खुणांनी लिहू शकते. पण ती काही गोष्टी लपवते, आणि त्या नेमक्या कोणत्या, हे शिक्षकाला माहीत असले पाहिजे. मी वर्गात याची सुरुवात मराठीतूनच करतो. फळ्यावर 'जग' लिहितो आणि विचारतो, 'हे काय?' कुणी 'दुनिया' म्हणते, कुणी 'पाण्याचा जग'. दोन्ही उच्चार मोठ्याने म्हणून घेतले की मुलांच्या लक्षात येते की अक्षर एकच असले तरी ओठांवरचा 'ज' दोन प्रकारचा आहे. मग 'वेस्ट' लिहितो. एक अंगातली बनियन आणि दुसरी पश्चिम दिशा. बनियनीसाठी वरचे दात खालच्या ओठाला टेकवायचे, पश्चिमेसाठी शीळ घालताना करतो तसा ओठांचा चंबू करायचा. मूल शब्द उच्चारते आणि शेजारचा केवळ ओठ पाहून कोणता शब्द ते ओळखतो. हा खेळ दहा मिनिटांत संपतो, साहित्य काही लागत नाही.

कागदाच्या पट्टीचा प्रयोग मला याहून आवडतो. जुन्या वहीच्या पानाची बोटभर रुंद पट्टी ओठांसमोर धरून आधी मराठीतले 'पान' म्हणायचे. पट्टी जवळजवळ स्थिर राहते. इंग्रजीतले 'पिन' श्वास सोडून म्हटले की ती फडफडते, आणि 'स्पिन' म्हटले की पुन्हा शांत होते. इंग्रजी 'प' शब्दाच्या आरंभी आमच्या 'प' आणि 'फ' यांच्या मधे कुठेतरी उभा असतो, हे व्याख्यान न देता पट्टी दाखवून देते.

मात्र सर्वांत जास्त वेळ द्यावा तो आघाताला, म्हणजे शब्दातल्या कोणत्या अक्षरावर जोर पडतो त्याला, असे माझे ठाम मत आहे. 'थ' थोडा मराठी वळणाचा राहिला तरी ऐकणाऱ्याला शब्द कळतो. आघात भलत्याच ठिकाणी पडला तर ओळखीचा शब्दही परका होतो. 'फोटोग्राफ'मध्ये जोर 'फो'वर असतो, 'फोटोग्राफर'मध्ये तो 'टो'वर सरकतो आणि तोंडात शब्द 'फटॉग्रफर'च्या जवळ जातो, तर 'फोटोग्राफिक'मध्ये 'ग्रा'वर येतो. देवनागरीत यातले काहीच दिसत नाही. म्हणून आम्ही जोराच्या अक्षराला मोठी टाळी आणि बाकीच्यांना बोटाने बाकावर टिचकी, असे शब्द वाजवतो, आणि मुले पुस्तकातल्या त्या अक्षरावर पेन्सिलीचा एक ठिपका देतात.

वाचनासाठी प्रथम बुक्स या बालपुस्तकांच्या प्रकाशनसंस्थेचे, २०१५ साली सुरू झालेले 'स्टोरीवीव्हर' हे संकेतस्थळ मला फार उपयोगी पडते, कारण तिथल्या कितीतरी गोष्टी मराठीत आणि इंग्रजीत अशा दोन्ही रूपांत विनामूल्य मिळतात आणि छापून वाटताही येतात. गोष्ट आधी मराठीत ऐकलेली असली की इंग्रजी वाचताना मुलाचे लक्ष अर्थाच्या चिंतेत अडकून पडत नाही.

खोडरबर आता मुलांच्याच हाती असते. दर शनिवारी प्रत्येकाने आपले पान वाचायचे आणि ज्या शब्दाला आधाराची गरज उरली नाही, त्याच्यावरची देवनागरी स्वतः पुसायची. मी कुणाला घाई करत नाही. महिनाभराने पानावर 'इनफ', 'आयलंड', 'वेन्सडे' असे मोजके शब्द उरतात, आणि सोमवारी मी तेच फळ्यावर घेतो.