गोव्याचं खाण-मॅनेजरचं सर्टिफिकेट महाराष्ट्रात चालतं का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, आणि तुमच्याआधी विचारणाऱ्या सगळ्यांनाही: चालतं. झारखंडचंही चालतं, राजस्थानचंही. मुळात ते गोव्याचं नसतंच. खाणीतली सुरक्षितता हा घटनेच्या केंद्रीय सूचीतला विषय आहे, नोंद 55. परीक्षा धनबादच्या डीजीएमएसची (केंद्राचं खाण सुरक्षा महासंचालनालय), सर्टिफिकेटही तिथलंच. मुंबईत कोणी 'कन्व्हर्जन करून देतो' म्हणत पैसे मागत असेल तर खिशात हात घालू नका.

मग पनवेल-वसईकडच्या खाणीवरून लोक परत का येतात? एक तर सर्टिफिकेट कोळशाचं असतं. आपली काळ्या कातळाची खडीची खाण नियमांत 'मेटल'मध्ये, म्हणजे कोळशाव्यतिरिक्तच्या खाणींत मोडते, त्यामुळे कोळशाचं फर्स्ट क्लास इथे थेट लागू होत नाही. अदलाबदलीची सोय आहे, पण त्यासाठी अर्ज करून कायद्याचा पेपर द्यावा लागतो. 'रिस्ट्रिक्टेड' शिक्क्याला मात्र उगाच घाबरतात. तो ओपनकास्टपुरता, म्हणजे उघड्या खाणीपुरता असतो आणि दगडखाणीला तेवढं पुरतं.

दुसरं कारण मालक. "आमची कसली खाण, साधी खदान आहे, मॅनेजर कशाला?" खाण-सुरक्षेच्या कायद्यात दगड-मुरमाच्या उघड्या खाणीला सूट आहे, पण अटी तीन: खोली कुठेही 6 मीटरवर नको, एका दिवशी 50 वर माणसं नकोत, सुरुंग अजिबात नको. तिन्ही एकदम पाळायच्या. सुरुंग टाळून ब्रेकरवर भागवणारे आहेत, पण त्यांची खोली 6 मीटर केव्हाच ओलांडून गेलेली असते.

राज्य बदलल्यावर नव्याने शिकावं लागतं ते गौण खनिजाचं, म्हणजे खडी-मुरमासारख्या मालाचं. 1957 च्या खाण व खनिज कायद्याच्या कलम 15 ने ते राज्यांच्या हातात दिलंय. लोहखनिज टनात मोजलेल्या माणसाला इथे ब्रासमध्ये हिशोब करावा लागतो; 1 ब्रास म्हणजे 100 घनफूट. रॉयल्टी, वाहतूक पास, सगळं महसूल खात्याचं. याचा सर्टिफिकेटशी संबंध नाही, पण गाडी अडवली की फोन मॅनेजरलाच येतो.

आता खरं दुखणं: अनुभवाचा दाखला. गोव्यातून आलेल्या एका असिस्टंट मॅनेजरने सेकंड क्लासवरून फर्स्ट क्लाससाठी अर्ज भरला. जुन्या खाणीच्या दाखल्यावर एकच ओळ होती: 2011 ते 2016, ओपनकास्ट, सलग काम. गोव्यातलं लोहखनिजाचं उत्खनन सप्टेंबर 2012 मध्ये थांबलं. सर्वोच्च न्यायालयाची बंदी एप्रिल 2014 पर्यंत होती, आणि त्यानंतरही खाणी लगेच सुरू झाल्या नाहीत. फाईल तपासणाऱ्याला या तारखा पाठ असतात. 'सलग' वाचून त्रुटी निघाली, आणि दाखल्यावर सही केलेले मॅनेजर तोवर ओडिशात गेलेले.

माणूस खोटं बोलत नव्हता. तो हजेरीपटावर होता, पीएफ कापला जात होता. पावसाळ्यात खड्ड्यातलं पाणी उपसायचं, डंपचे, म्हणजे टाकाऊ मातीच्या ढिगांचे उतार ढासळू नयेत म्हणून चर काढायचे, गाळाच्या तळ्या साफ ठेवायच्या, हे सगळं तो बघत होता. हा अनुभव नाही? मी पूर्वी ठामपणे म्हणायचो, हाच अनुभव. बंद खाण सांभाळणं चालू खाणीपेक्षा सोपं नसतं. आज पुरतं तसं म्हणवत नाही. त्या काळात त्याने ना बेंच (खाणीची पायरी) पुढे सरकवली, ना सुरुंगाचं भोक आखलं. उद्या त्याच्या सहीने इथे वस्तीजवळ ब्लास्टिंग होणार. तरी ती वर्षं शून्य धरायची, हेही पटत नाही. यावर माझ्याशीच माझं भांडण चालू आहे.

म्हणून दाखला तुकड्यांत लिहून घ्या: उत्पादन चालू होतं तो काळ वेगळा, देखभालीचा काळ वेगळा, आणि त्यात नेमकं काय काम केलंत ते. सोबत फॉर्म बीचा (खाणीतल्या कामगारांच्या नोंदवहीचा) उतारा आणि पीएफचं पासबुक जोडा. 2018 च्या मार्चमध्ये गोव्यातल्या 88 लीज पुन्हा थांबल्या. त्या वर्षांचे दाखलेही असेच फोडून घ्यावे लागतील. नोकरी सोडायच्या आधी घ्या, सही करणारा माणूस अजून त्याच खुर्चीत असताना.