आधी जमीन गोठू दे

इथल्या गोठवणाऱ्या हिवाळ्याआधी फुलझाडांच्या वाफ्यावर पसरायला वाळलेल्या पानांची पाटी घेऊन निघाले होते, तेवढ्यात कुंपणापलीकडून शेजारच्या आजी म्हणाल्या, "इतक्यात नको गं. आधी जमीन गोठू दे."

हात तिथेच थांबला. गारठू नये म्हणूनच पांघरूण घालायचं ना?

मग उलगडलं. वर्षानुवर्षं टिकणाऱ्या या फुलझाडांना नुसत्या थंडीपेक्षा तिची ये-जा जास्त बाधते. दिवसा उन्हानं माती सैल होते, रात्री पुन्हा गोठते. आत बर्फाचे थर धरतात, माती वर उचलली जाते, आणि यंदाच लावलेल्या रोपांची मुळं उघडी पडतात. पानांचा थर ऊब देण्यापेक्षा गोठलेली जमीन गोठलेलीच राहावी म्हणून असतो. शिवाय घाईनं घातला तर त्यात उंदीर घर करतात!

डेलियाचे कंद मात्र आज जमिनीतून काढलेच, थंडीनं पानं काळी पडली होती. बागेच्या नळीतलं पाणीही गोठू नये म्हणून ओतून टाकलं.

पाटी अजून दाराशीच आहे. निजलेल्या लेकरावर लगेच पांघरूण घालायची सवय असलेल्या हातांना हे थांबणं फार जड जातंय.

तुम्ही कसं ओळखता, आता घालायला हरकत नाही म्हणून?