बुडवलेला मनीप्लांट

मनीप्लांट पाण्यात जगतो हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत तो सहा वर्षांपासून बाटलीत आहे. माती नाही, खत नाही, आठवण झाली तर वरून थोडं पाणी. मग काचेच्या टाकीत काय धाड भरली? टाकी म्हणजे मोठी बाटलीच की. असा हिशेब करून मी, ३१ वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेल्या माणसाने, बाटलीतला वेल काढला, बुडाला दगड बांधला आणि पानांसकट टाकीच्या तळाशी नेऊन बसवला.

टाकी नातवाच्या हट्टाची. कुणाची तरी वापरलेली, एका कोपऱ्याला सिलिकॉन जरा जास्तच थापलेलं. ती छपरीत लाकडी बाकावर ठेवली. मासे फुकटात मिळाले, आरोग्य केंद्राच्या हौदातले गप्पी. डासांच्या अळ्या खायला नाल्यांत, डबक्यांत सोडतात तेच. झाड मात्र पैसे देऊन आणलं. तालुक्याच्या दुकानदाराने ‘पाण्यातलं झाड’ म्हणून हातात दिलेल्या पिशवीत लकी बांबूच्या तीन कांड्या होत्या.

आता आम्ही बांबूच्या मुलखातले लोक. कटांग बांबूचे काटे अंगाला ओरखडलेले, पावसाळ्यात वास्त्यांची, म्हणजे बांबूच्या कोंबांची, भाजी खाल्लेले. बांबू हे गवत, एवढं आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. लकी बांबू हा बांबू नव्हेच. तो मूळचा आफ्रिकेतला ड्रासेना, म्हणजे नात्याने बांबूपेक्षा शतावरीला जवळचा. शिवाय तो पाण्यातलाही नाही. मुळं पाण्यात ठेवून वर्षानुवर्षं उभा राहील, पण शेंड्यापर्यंत बुडवला की संपला. म्हणजे ‘पाण्यातलं’ही खोटं आणि ‘बांबू’ही खोटं. ‘लकी’चं काय ते दुकानदाराला विचारा.

पहिले दोन आठवडे मात्र काय थाट होता म्हणता! बल्बच्या उजेडात मनीप्लांटची पानं हिरवीगार चमकायची, गप्पी त्यांच्या मधून सुळकन निघायचे. येणारा-जाणारा छपरीत टेकायचा. फक्त हिचं तोंड फुगलेलं. “माही बाटली रिकामी करून ठेवली,” एवढंच ती दिवसातून दोनदा म्हणायची.

तिसऱ्या आठवड्यात एकदा रात्रभर लाइन गेली. पहाटे उठून पाहतो तर सगळे मासे वर येऊन पाण्याच्या कडेला तोंडं लावून बसलेले. हवेचा पंप बंद पडला म्हणून मी वीजवाल्यांना मनातल्या मनात चार शिव्या घातल्या. पण लाइन आल्यावर पाण्याला नाक लावलं तर उंदीर मेल्यासारखा वास. हात घालून वेल ओढला. वरची पानं अजून हिरवी होती, पण दगडाजवळचं खोड बोटांत पिठल्यासारखं आलं. सडणारं झाड पाण्यातला ऑक्सिजन खात होतं आणि वर अमोनिया सोडत होतं. विजेचा दोष होता, पण निम्माच.

तेवढ्यात ढिवर मोहल्ल्यातली मावशी मासोळ्या घेऊन आली. टोपलं खाली ठेवून तिने टाकीकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या लगद्याकडे.

“गुरुजी, याले बुडवून काऊन मारून रायले? पाय पाण्यात ठेवा ना त्याचे. डोस्कं बाहेर.”

मी वर्गात अख्खा तास घेऊन जे सांगितलं असतं, ते तिने उभ्या-उभ्या संपवलं. तरी जुनी खोड म्हणून मी तिच्यापुढे माझं शास्त्र मांडायला लागलोच. पान श्वास घेतं ते हवेतून. त्याला लागणारा कार्बन डायऑक्साइड हवेत पसरतो त्याच्यापेक्षा पाण्यात साधारण १०,००० पट हळू पसरतो. त्यात मनीप्लांटच्या पानावर मेणाचा थर. उन्हात पान वाळू नये म्हणून दिलेला हा रेनकोट पाण्याखाली त्याच्याच गळ्याला येतो. आतला वायू बाहेर जात नाही, बाहेरचा आत येत नाही. हा वेल मुळात प्रशांत महासागरातल्या मूरिया बेटावरचा. चारही बाजूंना पाणी, पण तिथेही तो झाडांवर चढायचा, समुद्रात उतरायचा नाही. मावशीने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “मंग मासोळी घेता का नाही?”

लाज वाटायची गोष्ट पुढेच आहे. दरवर्षी मीच पोरांना गावाच्या बोडीवर, म्हणजे लहान तळ्यावर, पाठवायचो, पाण्याखाली वाढणारा हायड्रिला आणायला. चंचुपात्रात हायड्रिला, वर उपडं नरसाळं, त्यावर पाण्याने भरलेली परीक्षानळी. उन्हात ठेवलं की बुडबुड्यांची माळ वर चढायची, आणि नळीत धुमसती काडी धरली की भककन पेटायची. पोरं टाळ्या वाजवायची. हायड्रिलाचं पान मधली शीर सोडली तर फक्त दोन पेशींच्या जाडीचं. त्याला ना मेणाचा जाड थर, ना श्वासाची छिद्रं. सगळं अंगच नाक. पाण्याबाहेर काढलं तर तासाभरात वाळून काडी होतं. कमळाने तिसरीच युक्ती काढली. त्याची छिद्रं पानाच्या वरच्या बाजूला, आणि देठ मोडून पाहिला तर आत नळ्याच नळ्या, चिखलातल्या गड्ड्यापर्यंत हवा पोचवायला. हे सगळं फळ्यावर काढलेला माणूस घरी येऊन मनीप्लांटला दगड बांधतो.

त्या दिवशी परसातल्या धोप्याचं, म्हणजे अळूचं, एक पान मी बादलीत बुडवलं. नातू बघतच राहिला. पान चांदीचं झालं! पाणी त्याच्या अंगाला लागतच नाही. मध्ये हवेचा पातळ पापुद्रा धरून ठेवतं, तोच चकाकतो. बाहेर काढलं तर पान कोरडं ठाक. मग मनीप्लांटचं पान बुडवलं, तर ते आपलं साधं भिजलं.

धानाचं पानही धोप्यासारखंच चांदीचं होतं. बांधीत परहा, म्हणजे धानाची रोपं, लावताना वाकून कधी नीट पाहिलं तर दिसतं. त्या पापुद्र्यातून बुडालेलं धान काही दिवस श्वास घेतं. काही दिवसच. २०२० च्या ऑगस्ट अखेरीस वैनगंगेला पूर आला, तेव्हा नदीकाठच्या बांध्यांवरून पाणी वाहताना आम्ही पाहिलं. ओसरल्यावर धानावर चिखलाचं मळकट फडकं पांघरल्यासारखं दिसत होतं, आणि त्या वासाची मला टाकीत नाक घातल्यावर आठवण झाली. नेहमीचं धान बुडालं की वर डोकं काढायच्या घाईत ताणून वाढतं, साठवलेली साखर त्यातच संपवतं आणि पाणी उतरलं की आडवं पडतं. ओडिशातल्या एका जुन्या वाणाला मात्र गप्प बसायची कला आहे. ते वाढणं थांबवून पडून राहतं. त्यामागचं जनुक २००६ मध्ये सापडलं, आणि ते घातलेलं ‘स्वर्णा-सब१’ भारतात २००९ मध्ये आलं. ते पूर्ण बुडूनही साधारण दोन आठवडे तग धरतं. पण दोन आठवडेच. तेसुद्धा मासा होत नाही.

आता मनीप्लांट टाकीच्या मागच्या काठावर आहे. मुळं पाण्यात लोंबतात, पानं खिडकीच्या गजांवर चढली आहेत. माशांच्या विष्ठेतून तयार होणारं नायट्रेट खाऊन त्याने असं बाळसं धरलं आहे की हिची तक्रार उलटी झाली. बाटलीतलं बारीक होतं, म्हणे. टाकीत बोडीतला हायड्रिला आहे. त्याच्याबरोबर तीन गोगलगायी आल्या, त्यांचा मोबदला कुणी मागितला नाही.

नातवाला माझा निकाल पटलेला नाही. त्याने लोणच्याच्या रिकाम्या बरणीत मनीप्लांटचं एक पान गोट्या बांधून बुडवून ठेवलं आहे आणि कॅलेंडरवर रोज फुली मारतो. आज बाविसावी फुली. पान हिरवं आहे. “आबाजी, जिवंत आहे,” रोज सकाळी मला बोलावून दाखवतो.

काल तो शाळेत गेल्यावर मी बरणीत बोट घालून देठ चाचपून पाहिला. बुळबुळीत लागला. त्याला अजून सांगितलेलं नाही.