पडद्यापलीकडचा दरवाजा

जुन्या नाट्यगृहांची अग्निसुरक्षा तपासणी मी शक्यतो प्रयोगाच्या दिवशीच करते. रिकाम्या थिएटरात सगळंच ठाकठीक असतं. वाटा मोकळ्या, दारं उघडी, रंगमंच झाडून लख्ख. नेपथ्याचा ट्रक येऊन सामान उतरलं, की मग खरी परिस्थिती कळते.

त्या दिवशी मी दुपारीच पोचले. शहराच्या मध्यवस्तीतलं, शंभरी कधीच ओलांडलेलं थिएटर. नालाच्या आकाराचं प्रेक्षागृह, एकावर एक दोन सज्जे, छतावर वेलबुट्टी. अशी वास्तू मला मनापासून आवडते. ती आणि तिच्यात बसणारी माणसं टिकावीत म्हणूनच मी हे काम करते. पण हातात तपासणीची वही असली की समोरच्याला आपण प्रयोग बंद पाडायलाच आलोय असं वाटतं.

तिथे मखमली पडद्याच्या पुढे लोखंडी पडदा आहे, आग लागली तर रंगमंच आणि प्रेक्षागृह एकमेकांपासून तोडणारा. दोन पत्रे आणि मध्ये न जळणारा थर. दोन्ही बाजूंच्या खाचांतून तो वर-खाली सरकतो. मागे वजनं बांधून त्याचा भार तोललेला असतो, पण पूर्ण नाही. पडद्याचं पारडं मुद्दाम थोडं जड ठेवतात. म्हणजे वीज गेली तरी कळ सोडताच तो आपल्या भारानेच खाली येतो. 30 सेकंदांच्या आत तो जमिनीला टेकायला हवा.

"अण्णा, सोडा," मी विंगेतल्या जुन्या कामगाराला सांगितलं. पडदा सुरेख उतरला. कुठे करकर नाही, हिसका नाही. अण्णांनी तो किती निगुतीने राखलाय ते दिसत होतं. आणि जमीन हातभर राहिली असताना तो थांबला.

खाली नव्या नाटकाचा जिना होता. त्याच्या शेवटच्या दोन पायऱ्या कमानीबाहेर, प्रेक्षकांकडे आल्या होत्या आणि पडद्याची रेघ नेमकी त्यांच्यावरून जात होती.

"मॅडम, शेवटचा प्रवेश त्याच पायऱ्यांवर आहे," नेपथ्यकार म्हणाला. तरुण मुलगा, रात्रभर जागून सेट उभा केलेला. निर्माते जास्त स्पष्ट बोलले. "हाऊसफुल्ल आहे. तशी वेळ आलीच तर माझी पोरं जिना ओढून घेतील."

नाही घेत. आग लागल्यावर कोणी सेट ओढायला थांबत नाही, आणि थांबूही नये. मी त्यांना शिकागोच्या इरॉक्वा थिएटरबद्दल सांगितलं. 30 डिसेंबर 1903, सुट्टीतला दुपारचा खेळ, प्रेक्षकांत बहुतेक बायका आणि मुलं. इमारत जेमतेम महिनाभरापूर्वी उघडलेली आणि तिची जाहिरात 'पूर्णपणे अग्निरोधक' अशी. दिव्याच्या ठिणगीने रंगमंचावरचं कापड पेटलं. सुरक्षापडदा सोडला, तो मध्येच अडकला. रंगमंचाच्या छतातले धूर सोडणारे झरोके उघडलेच नाहीत. कलाकारांनी जीव वाचवायला मागचं दार उघडलं, तशी बाहेरची हवा आत घुसली आणि ज्वाळांचा लोळ पडद्याखालच्या फटीतून प्रेक्षकांवर गेला. सज्ज्यातून उतरायच्या वाटांवरची काही फाटकं कुलूपबंद होती, कितीतरी दारं पडद्यांमागे झाकलेली. 602 माणसं गेली.

रंगमंचावरचा उंच माळा म्हणजे एक प्रचंड धुराडंच असतं. वरचे झरोके उघडले आणि पुढचा पडदा पुरता टेकला, तर आग-धूर वर ओढला जातो आणि लोकांना बाहेर पडायला वेळ मिळतो. पडद्याखाली फट राहिली तर तीच हवा आणि तोच धूर कुठे जाईल याचा भरवसा नाही. हातभर फट म्हणजे थोडंसं उरलेलं काम नव्हे, हे मला त्यांच्या गळी उतरवायचं होतं.

निर्माते गप्प झाले. बोलली ती नाटकातली ज्येष्ठ अभिनेत्री. मेकअप अर्धा झालेला, खांद्यावर टॉवेल. "पण बाई, पडदा पडला की आम्ही कुठल्या बाजूला?"

इतक्या वर्षांत मला हे कोणी विचारलं नव्हतं. उत्तर सोपं नव्हतं, पण मला ठाऊक होतं. 9 मे 1911 ला एडिनबर्गच्या एम्पायर पॅलेस थिएटरमध्ये जादूगार लाफायेतच्या खेळात आग लागली. तिथे पडदा वेळेत खाली आला आणि सुमारे 3000 प्रेक्षक सुखरूप बाहेर पडले. मागे राहिलेल्यांपैकी खुद्द लाफायेत आणि त्याचे काही सहकारी गेले.

"तुम्ही आतल्या बाजूला," मी म्हटलं. "म्हणून आता तुमचं दार बघूया."

रंगमंचामागचं दार कपड्यांच्या ट्रंकांनी छातीपर्यंत बुजलं होतं. वर हँगर लटकत होते. रोज त्याच्या शेजारून जाणाऱ्या कोणालाच तिथे दार आहे हे जाणवत नव्हतं. अभिनेत्रीने टॉवेल बाजूला टाकला आणि पहिल्या ट्रंकेची कडी धरली. मग नट, वादक, इस्त्रीवाला पोरगा, सगळेच लागले. मला कोणाला आदेश द्यावा लागला नाही.

दार मोकळं झालं तेव्हा नेपथ्यकार आपणहून माझ्याकडे आला. जिना दोन फूट मागे घेतला तर प्रकाशाच्या जागा बदलाव्या लागतील, पण जमेल, म्हणाला. वरच्या सज्ज्यातलं एक दार जाड पडद्यामागे होतं. तो काढायला लावला. त्या दारावर ढकलली की कडी सोडणारी आडवी दांडी आहे. इरॉक्वानंतरच अशा दांड्यांचा प्रसार झाला. ती व्यवस्थित चालत होती.

पुन्हा "अण्णा, सोडा." या वेळी पडदा जमिनीला टेकला. खाली वाकून मी कडेला विजेरी फिरवली, पलीकडचा उजेड कुठूनच दिसला नाही.

प्रयोग उशिरा सुरू झाला. प्रेक्षकांत कुजबुज झाली आणि निर्मात्यांनी माईकवरून उशिराचं कारण खरंखरं सांगितलं, याचा मला फार आदर वाटला. मध्यंतरात लोखंडी पडदा सर्वांसमोर खाली आणायचा, असं मी सुचवलं होतं. लंडनच्या जुन्या नाट्यगृहांत ही पद्धत आहे. त्यामुळे पडदा चालतो की नाही याची परीक्षा प्रत्येक प्रयोगाला आपोआप होते. अण्णांनी तो उतरवला तेव्हा मागच्या रांगांतून टाळ्या आल्या. अण्णा विंगेत होते, त्यांनी ऐकल्या.

अहवालात मी दोन अटी घातल्या: मध्यंतरातली ही चाचणी रोज व्हावी, आणि ट्रंकांसाठी तळघरातली रिकामी खोली कंपनीला द्यावी. खोलीची किल्ली दुसऱ्याच दिवशी मिळाली. नेपथ्यकाराने दौऱ्यातल्या पुढच्या सगळ्या नाट्यगृहांकडून रंगमंचाचे आराखडे मागवले, त्यांवर पडद्याची रेघ लाल शाईने आखून.