तुम्ही विचारलंत म्हणून: गावातल्या कॉलेजचा भागाला काय उपयोग?

लग्नात भेटा नाहीतर एसटीत, हा प्रश्न येतोच. मॅडम, सांगली जिल्ह्यात तालुक्यातालुक्याला कॉलेज झालं, पण पोरं शिकली की पुण्याला पळतात, मग आपल्या भागाला काय मिळालं? मी पलूस तालुक्यात बीएस्सीला केमिस्ट्री शिकवते, त्यामुळं हे मला जरा जास्तच लागतं.

एक सांगते. तीन वर्षांपूर्वी आमच्या सेकंड इयरची एक मुलगी प्लॅस्टिकच्या पिशवीत माती घेऊन आली. नदीकाठची काळी जमीन, वडलांचा ऊस पिवळा पडत चाललेला, वाफ्यात पांढरं मीठ फुटलेलं. दुकानदाराच्या सांगण्यावरनं वडील दोन वर्षं जिप्समची पोती टाकत होते आणि ऊस सुकतोय म्हणून पाणीही जास्तच देत होते. आम्ही लॅबमध्ये सामू (पीएच) काढला, ८.१ आला, ईसी, म्हणजे क्षार किती ते सांगणारा आकडा, मात्र चारच्या हद्दीच्या बरीच वर, आणि फ्लेम फोटोमीटरवर (ज्योतीच्या उजेडावरनं सोडियम मोजणारं यंत्र) सोडियम बघितलं तर ते हद्दीत. म्हणजे जमीन क्षारयुक्त होती, चोपण नव्हती. चोपण जमिनीत, जिथं सामू साडेआठच्या वर जातो आणि सोडियम मातीला धरून बसतं, तिथं जिप्सम काम करतं. नुसत्या क्षाराला त्याचा काही उपयोग नाही, तो पाण्यात विरघळवून खाली काढून द्यावा लागतो, म्हणजे चर नाहीतर सच्छिद्र पाईप, आणि पाणी मोजून. पोरीनं हे सगळं वहीच्या पानावर लिहून घरी नेलं. वडील आधी चिडले (दुकानदार ओळखीचा होता), पण त्या वर्षी जिप्समचे पैसे वाचले आणि दुसऱ्या वर्षी शेजारच्या तिघांना घेऊन त्यांनी निचऱ्याची पाईपलाईन टाकली, कारण एकट्याच्या रानातलं पाणी शेजाऱ्याच्या रानातनं गेल्याशिवाय ओढ्याला लागत नाही.

हे कुठल्या रकान्यात बसतं सांगा. नॅकची (कॉलेजांना दर्जा देणारी संस्था) माहिती भरताना प्लेसमेंट किती ते विचारतात, पण मिरज, वाळवा, पलूसमधली किती क्षारपड रानं परत पिकाखाली यायला कॉलेजनं हातभार लावला ते कोण विचारत नाही. मी आधी ज्या कॉलेजात होते तिथं असंच फ्लेम फोटोमीटर गॅस सिलिंडर नाही म्हणून चार वर्षं कापडाखाली होतं, आणि बाहेर शेतकरी माती परीक्षणाला सांगलीला हेलपाटे घालत होते. मला त्याचा अजून राग येतो.

आणि हे काही नवीन मागणं नाही हो. कर्मवीर अण्णांनी (भाऊराव पाटलांनी) १९१९ मध्ये कराडजवळ काल्याला रयत शिक्षण संस्था सुरू केली, ते आधी किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव हिंडलेले, शेतकऱ्याची नड काय असते ते त्यांना बांधावरनंच माहीत होतं. पुढं साताऱ्यात पोरं राबून शिकली ती कमवा आणि शिका मध्ये. यूजीसीनं (विद्यापीठ अनुदान आयोगानं) नंतर कम्युनिटी कॉलेजची योजना आणली, तीपण भागातल्या धंद्याला लागेल तेच शिकवा म्हणत होती. तासगावला बेदाणा आहे, सांगलीला हळद आहे, मग त्या त्या कॉलेजात बेदाण्याची प्रतवारी नि हळदीतलं कुरकुमिन (तिचा पिवळा घटक) तपासायला पोरं तयार व्हायला नकोत का? पुण्याला जाणारी जाऊ देत, माझी काही तक्रार नाही, त्यांच्या पैशातनंच इथं घरं उभी राहतात. पण जी राहतात, त्यात पोरीच जास्त, त्यांच्या हातात भागाचं काम येईल असं शिकवणं आमच्याकडं आहे.

ती मुलगी आता एका कृषी केंद्रात माती-पाण्याचे रिपोर्ट शेतकऱ्यांना समजावून सांगते. तिचे वडील दर उन्हाळ्यात ऊस तुटला की येतात, सोबत गल्लीतल्या पाच-सहा जणांच्या पिशव्या, प्रत्येकीवर गट नंबर लिहिलेला.

तुम्हालाही बोअरचं पाणी तपासायला आणायचं असेल तर आणा, फक्त मोटर दहा-पंधरा मिनिटं चालू देऊन मग बाटली भरा, आणि बाटली कोल्ड्रिंकची असेल तर त्याच पाण्यानं तीनदा विसळून घ्या.