पाझर तलाव आणि उपग्रहाची चित्रं: माझा अनुभव

माण तालुक्यातल्या आमच्या गावात दर उन्हाळ्यात एकच वाद: कोणत्या तलावातला गाळ आधी काढायचा? ज्याचा आवाज मोठा, त्याचा तलाव पहिला. म्हणून पाणलोटाच्या कामासाठी सेंटिनेल-२ या युरोपियन उपग्रहांची चित्रं वापरायचं ठरवलं. ती फुकट मिळतात. कोपर्निकस या युरोपियन पृथ्वी-निरीक्षण कार्यक्रमाच्या संकेतस्थळावर खातं उघडायचं, नकाशावर गाव गाठायचं, ढग नसलेली तारीख निवडायची. पावसाळ्यात बहुतेक ढगच दिसतात. कामाची चित्रं दिवाळीनंतरची.

पुढचं सगळं क्यूजीआयएस या नकाशांच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये. उपग्रह प्रत्येक रंगाचा प्रकाश वेगळा टिपतो, त्याला पट्टा म्हणतात. पाणी अवरक्त (डोळ्यांना न दिसणारा) प्रकाश जवळपास गिळून टाकतं, हिरवा थोडा परत पाठवतं. हिरव्यातून अवरक्त, अशा या दोन पट्ट्यांच्या वजाबाकीला त्यांच्याच बेरजेने भागलं की पाणी उठून दिसतं. चित्रातला एक चौकोन १० मीटर बाय १० मीटर, म्हणजे जवळजवळ एक गुंठा! ग्रामसभेत हेक्टर समजावत बसायला नको. डिसेंबरात किती गुंठे पाणी, मार्चमध्ये किती, एवढं सांगितलं की पुरतं.

नकाशा भिंतीवर लावला. माळावरचा तलाव जानेवारीतच कोरडा. लगेच सूर निघाला, याच्यावर पैसा घालू नका. तेव्हा एक आजोबा म्हणाले, "अरं, पाझर तलाव हाय त्यो. पाणी जिरवायलाच बांधलाय. खालच्या हिरी बघा की."

अगदी खरं होतं ते. मग एप्रिलचं चित्र घेतलं आणि तांबड्या व अवरक्त पट्ट्यांवरून हिरवाई कुठे आहे ते शोधलं. शाळू निघालेला असतो, जिरायत रानं उघडी पडलेली असतात. तेव्हा जे हिरवं दिसतं ते विहिरीच्या पाण्यावरचं. कोरड्या तलावाखाली ओढ्याच्या दोन्ही अंगांना कडवळाचा आणि मक्याचा सलग हिरवा पट्टा होता. वेशीजवळच्या तलावात मात्र मार्चअखेर पाणी, आणि खालची रानं उघडी. तिथे जाऊन काठाशी कुदळ मारली तर चिकट, काळा गाळ. त्यानं तळ लिंपून टाकला होता. पाणी जिरण्याऐवजी उन्हानं उडत होतं.

गाळ काढायचा पहिला नंबर त्या भरलेल्या तलावाला मिळाला. उपग्रहाला पाण्याचा पसारा दिसतो, खोली दिसत नाही. म्हणून दोन्ही तलावांत आता मापाच्या पट्ट्या रोवल्या आहेत, आणि चित्राच्या तारखेलाच पाण्याची पातळी वहीत लिहून ठेवतो.