तोरणमाळच्या खालचा पाडा: ‘अर्ध्या तासाची वाट’ साडेचार तासांची निघाली

सोलापुरात पारा ४३ वर जाऊन बसला होता, म्हणून मेच्या पहिल्या आठवड्यात आम्ही चौघं सातपुड्यात गेलो. तोरणमाळ हे नंदुरबार जिल्ह्यातलं, अक्राणी तालुक्यातलं थंड हवेचं ठिकाण. उंची साधारण ११५० मीटर. पण आम्हाला पठारावर थांबायचं नव्हतं. कडेवरून खाली उतरून पलीकडच्या सोंडेवर पावरा आदिवासींचा एक पाडा आहे, तिथं दोन रात्री राहायचं होतं. एका शिक्षक मित्रानं ओळखीच्या घरी सोय लावली होती. पाड्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथल्या पाण्याचं पुढं सांगतो, मग कारण कळेल. अक्राणीतल्या अशा अनेक पाड्यांना हे सगळं लागू आहे.

रात्रीच्या गाडीनं धुळं, तिथून शहादा. इथपर्यंत काही त्रास नाही. शहाद्यात एक जीपवाला भेटला. पूर्ण गाडीचे १५०० ठरले, वर सोडायचं, विषय संपला. सातपायरी घाट चढून वर आलो आणि त्यानं २५०० मागितले. घाटाचे वेगळे, सामानाचे वेगळे. घाट काय मध्येच उगवला होता का? अर्धा तास वाद घातला, शेवटी २२०० दिले. तो राग अजून गेलेला नाही, कारण पैशापेक्षा मोठी फसवणूक त्यानं जाता जाता केली. पाड्याची वाट विचारली तर म्हणाला, “अर्धा तास, उतारच आहे.” त्याच्या भरवशावर आम्ही यशवंत तलावाकाठी आरामात जेवलो आणि सव्वाबाराला निघालो. तेव्हा सरळ सांगतो: शहाद्याहून तोरणमाळला एसटी जाते, स्थानकावर वेळ विचारा आणि तिनंच या. जीप करायचीच असेल तर घाट, सामान, परतीचं रिकामं भाडं, सगळं धरून एकच आकडा ठरवा. आणि चालायच्या वाटेचा वेळ गाडीवाल्याला विचारूच नका, तो ती वाट चालत नाही.

आता ती वाट. पहिला टप्पा सपाट आहे, सोडून द्या. कडा संपला की एक घळ लागते, तिथून खरा त्रास सुरू होतो. मे महिन्यात सागाला पान नसतं, म्हणजे डोक्यावर सावली नाही. ती सगळी पानं वाटेवर पडलेली, ताटाएवढी, वाळून कडक झालेली. त्यांच्याखाली सुटा मुरूम. पाय पानावर पडतो, पान मुरमावर सरकतं, आणि आपण बसतो. माझा मेव्हणा तीनदा पडला, तिसऱ्यांदा तळहात सोलला. चांगले बूट सगळ्यांच्या पायात होते, उपयोग शून्य. उपयोग झाला तो काठीचा. प्रत्येक पावलाआधी काठीनं पाला बाजूला सारायचा, खालची जमीन बघायची, मगच पाय टाकायचा. ओढ्यापर्यंतच अडीच तास गेले. ओढा कोरडा. तिथून सोंडेवर चढण, उघड्या कातळावरून, दुपारी तीनच्या उन्हात. माणशी दोन लिटर पाणी घेतलं होतं, ते निम्म्या चढणीवरच संपलं. माणशी चार लिटर घ्या, आणि मे महिन्यात सकाळी आठनंतर या वाटेवर पाऊल ठेवू नका. बाकी काही ऐकलं नाहीत तरी चालेल, एवढं ऐका.

वर पहिलं घर दिसलं तेव्हा वाटलं, पोचलो. नाही पोचलो. इथं गाव म्हणजे गल्लीनं लागून घरं नसतात. प्रत्येकाचं घर ज्याच्या त्याच्या शेतात, एका टेकडीवर दोन, पुढच्या टेकडीवर चार. ‘आमचं घर’ आणखी अर्धा तास पुढं होतं. कुणाकडं जायचंय ते नाव विचारा, पाड्याचं नाव सांगून भागत नाही. म्हाताऱ्या माणसांना मराठी फारशी येत नाही, शाळेतली पोरं दुभाष्याचं काम करतात.

घर मोठं, बांबूच्या कुडाचं, शेणामातीनं लिंपलेलं, वर कौलं. एका अंगाला गाई-शेळ्या, दुसऱ्या अंगाला माणसं. पोचल्या पोचल्या हंडा पुढं आला आणि चौघांनी मिळून तो जवळजवळ रिकामा केला. दुसऱ्या दिवशी पहाटे घरच्या मावशींबरोबर पाण्याला गेलो तेव्हा कळलं, आपण काय प्यायलो ते. ओढ्याच्या पात्रात गुडघाभर खड्डा, त्याला झिरा म्हणतात. तळाशी वीतभर पाणी. मावशी वाटीनं अलगद उपसायच्या, गढूळ व्हायला लागलं की थांबायच्या, पुन्हा पाझरेपर्यंत बसून राहायच्या. एका हंड्याला अर्धा तास लागला. मग तो डोक्यावर घेऊन चढण. त्यानंतर आम्ही दोन दिवस अंघोळीचं नाव काढलं नाही. तुम्हीही काढू नका. ताट पुसून घ्यायची तयारी ठेवा.

जेवण मक्याची भाकरी आणि उडदाची डाळ, उत्तम. आम्ही कडक भाकरी आणि शेंगाचटणी नेली होती, ती घरात सगळ्यांना इतकी आवडली की पुढच्या वेळी दुप्पट नेणार. रात्री अंगणात खाटेवर सोलापुरी चादर अंथरून झोपलो, छान वारा होता.

आढ्याला एक लांब बांबू टांगलेला दिसला, मधल्या भागात हात लागून लागून गुळगुळीत झालेला. हा कशाला, म्हणून विचारलं. घरातला पोरगा म्हणाला, “दवाखान्याचा.” त्याला चादरीची झोळी बांधतात आणि आजारी माणसाला, अडलेल्या बाईला खांद्यावरून वर रस्त्यापर्यंत नेतात. त्याच घळीतून. पावसाळ्यातसुद्धा. गेल्या पावसात त्याच्या आईला असंच नेलं, आठ माणसं आळीपाळीनं खांदा देत होती. मी बराच वेळ त्या बांबूकडं बघत राहिलो. तुमच्यापैकी कुणाला दम्याचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर येऊ नका. तुमचं ओझं त्या खांद्यांवर टाकायचा तुम्हाला हक्क नाही.

मे महिना म्हणजे आमचुराचे दिवस. घरासमोरचा सगळा कातळ कैरीच्या फोडींनी पांढरा झाला होता. बायका सकाळपासून कैऱ्या सोलतात, आंबट रसानं बोटांची कातडी फाटलेली असते. वाळलेली पोती त्याच वाटेनं डोक्यावरून वर जातात. आणि वर उभा असलेला गाडीवाला पोत्याचं भाडं माणसासारखं लावतो, हे मावशींनी सांगितलं तेव्हा माझ्या ७०० रुपयांचा राग दुप्पट झाला.

परतीला पहाटे पाचला निघालो, साडेआठला वर. आमचूर घ्यायचं असेल तर पाड्यावरच घ्या. वजनकाटा घरी नसतो, मापानं देतात. तालुक्याच्या गावी, धडगावच्या बाजारातला भाव आधी विचारून या आणि त्याहून एक रुपयाही कमी देऊ नका. सुट्टे पैसे न्या, पाड्यावर रेंज नाही, फोननं पैसे देता येत नाहीत.